आजींच्या खात्यावरून

४ फेब्रुवारी

सासूबाई जिंकल्या. पुन्हा!

माझी पोस्ट — चांगली घासूनपुसून लिहिलेली, विषय 'प्रोग्रॅमरची नम्रता आणि ख्रिस्ती नम्रता' — दोन लाइक. त्यातला एक माझ्याच दुसऱ्या खात्यावरून. सासूबाईंची पोस्ट अशी: "आज गुडघा दुखतोय. खुर्चीत बसूनच प्रार्थना केली. ज्यांचे प्रोग्राम चालत नाहीत त्यांच्यासाठी पण केली." लाइक तीनशेच्या वर! आणि खाली कुठकुठले लोक रांग लावून उभे. आजी, माझा कोड कालपासून अडकलाय. आजी, उद्या मुलाखत आहे. आजी, मी देव मानत नाही, पण तुम्ही मागा की माझ्यासाठी.

त्यांना खातं कुणी उघडून दिलं? मी. टाइप करायला कुणी शिकवलं? मी. सर्व्हर कुणाचा? माझा! हे काही कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं सोशल मीडिया नाही. जो तो आपापला सर्व्हर चालवतो आणि सगळे सर्व्हर एकमेकांना निरोप पोचवतात. आमच्या चर्चच्या मंडळीचा सर्व्हर आमच्या जिन्याखालच्या कपाटात आहे, छत्र्या आणि बुटांच्या शेजारी. मंडळीतली सगळी माणसं त्यावर आहेत. पंखा मी साफ करतो, अपडेट मी करतो, बॅकअप मी घेतो. आणि जगात प्रसिद्ध कोण? आजी.

पाळकसाहेबांना म्हटलं, मला राग येतो. ते म्हणाले, "राग पोस्ट करू नका. आधी कागदावर लिहा, दुसऱ्या दिवशी वाचा." म्हणून ही वही. इथे लाइक नाहीत. पानाची मागची बाजूही बघून झाली.

५ फेब्रुवारी

कालचं वाचलं. राग तसाच आहे.

९ फेब्रुवारी

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आधी एक डोळा, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही होईपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही, आणि मग नवा चष्मा. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला बोलावून म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्या लोकांना मी शब्द दिलाय. रोज संध्याकाळी तुम्ही मला वाचून दाखवा. मी प्रार्थना करीन, तुम्ही उत्तर टाका."

मी म्हटलं, "अहो आई, त्यात काय एवढं!"

बायको कोपऱ्यातून बघत होती. तिला माझं 'त्यात काय एवढं' चांगलं ओळखीचं आहे.

१२ फेब्रुवारी

पहिला डोळा छान झाला. संध्याकाळी वाचायला बसलो. देवा!

मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. पण सासूबाई एकेका निरोपाला थांबतात. डोळे मिटतात. मग प्रश्न. "ह्याचं लग्न झालंय का?" मला काय माहीत! "ही पूर्वी पण आली होती, तिच्या बहिणीचं काय झालं?" एकानं लिहिलं होतं की त्याचा कर्नल सारखा पॅनिक होतो. सासूबाईंनी त्या कर्नलसाहेबांसाठी आणि त्यांच्या पलटणीसाठी मनापासून प्रार्थना केली. हा कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, हे मी समजावलं नाही. समजावत बसलो असतो तर जेवण राहिलं असतं. तसंही ते गार झालंच होतं.

१४ फेब्रुवारी

स्क्रिप्ट लिहिली.

म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. निरोप आला की त्यातले शब्द बघायचे आणि योग्य ती प्रार्थना उत्तरात टाकायची. परीक्षा, मुलाखत, प्रवास, आजारपण, हरवलेली वस्तू, मृत्यू, वादळ-पाऊस-संकट. प्रत्येकाच्या चार-चार प्रार्थना, सासूबाईंच्याच जुन्या पोस्टमधून घेतलेल्या. म्हणजे शब्द त्यांचेच. फक्त प्रार्थनेच्या वेळी त्या हजर नाहीत, एवढंच.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "आज कुणी काही मागितलं?"

"किरकोळ होतं, आई. मीच देऊन टाकली उत्तरं."

"बरं. मी मग सगळ्यांसाठी मिळून करते."

जीभ जरा जड झाली खरी. पण वेळेवर जेवलो!

१७ फेब्रुवारी

ऑफिसात माझ्या शेजारी टेस्टरबाई बसतात. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतात आणि सुट्टीच्या दिवशी फुकट शोधतात. त्याही आजींच्या भक्त. आज म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई काय चपळ आहेत रे! डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मी निरोप पाठवून फोन खाली ठेवायच्या आत उत्तर!"

जेवणाच्या सुट्टीत स्क्रिप्टमध्ये उशीर घातला — कधी पाच मिनिटं, कधी वीस. शिवाय अधूनमधून एखादी काना-मात्रा चुकेल असंही करून ठेवलं. म्हातारपण प्रोग्राम करणं सोपं नाही!

पण यश बघा. एका सर्व्हरवाल्यानं लिहिलं होतं, "आजी, माझा जुना सर्व्हर आज गेला. बरीच वर्षं साथ दिली त्यानं." स्क्रिप्टनं त्याला मृत्यूवाली प्रार्थना टाकली — तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, आता तो वेदनेतून मुक्त झाला. त्या माणसाचं उत्तर: "आजी, घरचे सगळे हसले. तुम्ही एकट्याच रडलात. आभारी आहे." त्याला पाचशे लाइक.

१९ फेब्रुवारी

आज एक नवी बाई आली. खात्याचं नाव 'गार चहा'. दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरवर आहे. खासगी निरोप, फक्त आजींसाठी: "आजी, माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना करा. तो घरात असतो, पण सापडत नाही. मी बोलते, तो 'हं' म्हणतो. काल मी मुद्दाम म्हटलं, घराला आग लागली आहे. 'हं' म्हणाला."

स्क्रिप्टनं 'सापडत नाही' एवढंच पाहिलं आणि हरवलेल्या वस्तूची प्रार्थना टाकली: "हरवलेलं लवकर सापडो. शेवटचं कुठे पाहिलं होतं ते शांतपणे आठवा."

मी कपाळावर हात मारला. पण तिचं उलट उत्तर आलेलं: "किती नेमकं बोललात आजी! शेवटचं पाहिलं होतं ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

२० फेब्रुवारी

राहवेना. 'गार चहा'ला आज मीच उत्तर लिहिलं. आजी म्हणून, अर्थात. "बाळ, असल्या माणसाला गप्प बसून कळत नसतं. समोर उभी राहा आणि स्पष्ट सांग." काय एकेक नवरे असतात! बायको आग लागली म्हणते आणि हा हं म्हणतो! असल्याला घराबाहेर उभं करून दार लावून घेतलं पाहिजे.

लिहीत होतो तेव्हा बायको काहीतरी सांगत होती. तिच्या क्लिनिकमधलं असणार. ती कान तपासते, श्रवणयंत्रं बसवते. दिवसभर ऐकू न येणाऱ्या माणसांशी बोलून येते बिचारी.

२३ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायलाही हात धजत नाही. पण लिहितो.

रविवारची उपासना. गीतांचे शब्द पडद्यावर दाखवायचं काम माझं, माझ्याच लॅपटॉपवरून. सासूबाई पहिल्या रांगेत, काळा चष्मा लावून, हात जोडून. तिसरं गीत सुरू झालं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला: 'आजी: प्रभू तुम्हाला वादळातून सुखरूप नेवो.' मग लगेच दुसरा. मग तिसरा.

झालं होतं असं. एक हौशी हवामानवाला आहे, त्याचं खातंही यंत्रच चालवतं. त्याच्याशी कुणी काहीही बोललं की ते ताजा अंदाज पाठवतं. कुणा होडीवाल्यानं आजींना आणि हवामानाला एकाच पोस्टमध्ये हाक मारली. हवामान म्हणालं, वादळाचा धोका. आजींनी प्रार्थना केली. हवामान म्हणालं, वादळाचा धोका कायम. आजींनी पुन्हा केली! दोघांनाही थांबायचं कसं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि तो उशीर — तो मीच काल काढून टाकला होता, उत्तरांची रांग तुंबली म्हणून.

पडद्यावर गीत दिसेना. चौकोनावर चौकोन. मागच्या रांगेतल्या एका काकांना वाटलं, हा उपासनेचाच भाग आहे. त्यांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले! सुखरूप नेवो — आमेन! सुखरूप नेवो — आमेन! पेटीवाल्या मावशींनी ताल धरला. मी घामाघूम, माऊस हातातून सुटलेला, शेवटी वायर ओढली तेव्हा पडदा काळा झाला.

सासूबाईंना पडदा दिसत नव्हता. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आज मंडळीत काय उत्साह आहे!"

२४ फेब्रुवारी

सकाळीच शेजारच्या मोठ्या सर्व्हरवाल्याचा निरोप: "तुमच्या आजीला आवरा. नाहीतर तुमच्या सर्व्हरशी आमचं बोलणं बंद." तो कापला की जवळजवळ सगळं जग कापलं जातं. हातापाया पडून माफी मागितली.

मग पाळकसाहेब आले. छत्र्या बाजूला सारून कपाटात डोकावले. म्हणाले, "हवेसाठी मीही पुष्कळदा प्रार्थना केली. मला कधी तिचं उत्तर आलं नाही." हसले नाहीत, पण मिशी हलत होती. मी धीर करून विचारलं, "साहेब, यंत्रानं केलेली प्रार्थना वर पोचते का?"

"पोचायचं नंतर बघू. ती निघते का कुठून?"

प्रोग्रॅमर आहे, पत्ता नसलेलं पाकीट कुठे जातं ते मला ठाऊक आहे.

बायको काल तिथे होती. तिनं सगळं ओळखलंच. स्वयंपाकघरात मला भिंतीशी गाठून म्हणाली, "आईला कळू देऊ नको, तिला फार लागेल. पण ते यंत्र आजच्या आज बंद. आणि रोज बसून तिला वाचून दाखवायचं. सगळं." शपथ घेतली. स्क्रिप्ट पुसून टाकली. संध्याकाळी सासूबाईंना सगळे निरोप वाचून दाखवले.

एक सोडून. 'गार चहा'चा. तो कसा वाचणार? तिला एव्हाना आजींची बरीच उत्तरं गेलेली आहेत, आणि ती आजींना माहीतच नाहीत.

२७ फेब्रुवारी

तोंडचं पाणी पळालंय.

'गार चहा'चा निरोप: "आजी, तो दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो आणि घरी आल्यावर आराम म्हणून कॉम्प्युटर उघडतो. माझ्या वाढदिवसाला त्यानं मला जे दिलं, ते त्याच्याच कामाचं होतं."

बायकोच्या वाढदिवसाला मी तिला काय दिलं? एक्स्टेन्शन बोर्ड. सहा सॉकेटचा, उत्तम प्रतीचा! आज तो कुठे आहे? जिन्याखालच्या कपाटात. त्यावर माझा सर्व्हर चालतो.

मागचे निरोप पुन्हा काढून वाचले. 'हं' म्हणतो. मी म्हणतो 'हं'! घरात असतो पण सापडत नाही. मी! आणि खातं आजींचं असलं तरी चालवतो कोण, हे कुणाला माहीत आहे? पाळकसाहेब सोडले तर फक्त तिला. म्हणजे ती आजींना सांगतच नाहीये. मलाच सांगतेय. वळसा घालून!

खातं कुणाचं ते बघावं तर सर्व्हर दुसऱ्याचा. आपल्या कपाटात मी राजा, दुसऱ्याच्या कपाटात मला डोकावता येत नाही. तिला सरळ विचारावं? विचारलं तर शपथ मोडल्याचं कबूल करावं लागणार.

आणि मी तिला काय सल्ला दिला होता? समोर उभी राहा, स्पष्ट सांग. भिंतीशी गाठलंच होतं तिनं मला त्या दिवशी.

२८ फेब्रुवारी

सुधारायचं. आजपासून.

३ मार्च

रोज वेळेवर घरी. लॅपटॉप ऑफिसातच. ती बोलायला लागली की तिच्याकडे तोंड करून बसतो आणि म्हणतो, "मग पुढे काय झालं?" पहिल्या दिवशी तिनं मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून ताप बघितला. काल विचारलं, "तुला नोकरीवरून काढलंय का? खरं सांग. आपण बघू काय ते."

आज तर कमाल. मला क्लिनिकवर बोलावलं, पेशंट संपल्यावर. काचेच्या त्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. टुंग वाजलं की बटण दाबायचं. वीस मिनिटं माझे दोन्ही कान तपासले. मग कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसली.

"काय झालं?" मी विचारलं. घाबरलोच होतो.

"काही नाही. कान उत्तम आहेत तुझे." मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुला ऐकू येत होतं!"

येताना बसमध्ये तिनं माझा हात धरला होता. मी तिला तिच्या क्लिनिकमधल्या त्या शिंप्याचं विचारलं, जो यंत्र लावल्यापासून शिलाई मशीनच्या आवाजानं दचकतो. तिला किती आनंद झाला! शिंपी लक्षात राहिला म्हणून.

सासूबाईंचा दुसरा डोळाही झाला.

६ मार्च

'गार चहा'ला विचारलं: "बाळ, आता काही फरक वाटतो का?"

"नाही आजी."

नाही?! मी घर डोक्यावर घेतलंय आणि नाही? मग जरा सविस्तर लिहिलं. "बाळ, पुरुषांना वेळ लागतो. तो मनानं चांगला आहे. कदाचित तो प्रयत्न करत असेल आणि तुला दिसत नसेल. थोडं थांब. घाईनं काही करू नकोस." चांगलं उतरलं. डोळे भरून आले लिहिताना.

८ मार्च

"आजी, तुम्ही म्हणालात म्हणून थांबले आहे. काल त्यानं जेवून झाल्यावर ताटही उचललं नाही."

खोटं! साफ खोटं! काल सगळी भांडी मी घासली, कुकरच्या शिट्टीसकट! तडक बायकोकडे गेलो.

"काल भांडी कुणी घासली?"

"तूच. हे तू तिसऱ्यांदा विचारतोयस."

"ताट कुणी उचललं?"

"तूच. माझंही उचललंस. माझं जेवण चाललेलं होतं." मग हसली. हल्ली फार हसते. आंघोळीला गेली की गाणं म्हणते. तोंडावर एवढी गोड आणि मागे असली चुगली! तिच्या अपेक्षाच मोठ्या असतील. आजींच्या खात्यावरून एवढंच लिहिलं: "बाळ, ताटाकडे बघू नकोस, मनाकडे बघ."

११ मार्च

संध्याकाळ. दोघं स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत होतो. तिचे दोन्ही हात वाटाण्यात. तिचा फोन फ्रिजवर, चार्जिंगला. सासूबाई आत झोपलेल्या. माझ्या खिशात टुंग झालं. हळूच बघितलं — 'गार चहा'. आताचा निरोप. आत्ताचा!

बायकोकडे बघितलं. शेंग सोलतेय. फोनकडे बघितलं. फ्रिजवर पडलाय.

ती नव्हे. ती नव्हेच!

जीव भांड्यात पडला. उठून तिला मिठी मारली, वाटाणे घरभर. ती ओरडली, "अरे, वेडा झालास का?" झालोच होतो! माझी बायको सुखात आहे! माझ्याबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही! वाटाणे गोळा करत टेबलाखाली शिरलो आणि तिथेच बसून तो निरोप वाचला.

"आजी, आज त्याला सगळं स्पष्ट सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, 'हं' म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. तुम्ही म्हणता तो मनानं चांगला आहे. मला ते दिसत नाही. आता काय करू ते तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय मी कुणालाच काही बोललेले नाही."

टेबलाखालून बाहेर यावंसं वाटेना.

मी कुणाची बाजू मांडत होतो? माझी! थांब म्हणालो, तो प्रयत्न करतोय म्हणालो — प्रयत्न मी करत होतो. बायकोची भांडी मी घासत होतो आणि धीर धरायला 'गार चहा'ला सांगत होतो. तिचा नवरा कोण, कसा, मला काही म्हणजे काही माहीत नाही. इतक्या दिवसांत एकदा विचारलंसुद्धा नाही. लाज वाटते. नुसती लाज वाटते.

१२ मार्च

सासूबाईंना नवा चष्मा आला. सगळ्यांची तोंडं बघून झाली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, वाळलात की हो!"

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. स्क्रिप्ट, हवामान, 'गार चहा', एक्स्टेन्शन बोर्ड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिचं काय म्हणणं होतं ते मी वाचते. तुम्ही काय म्हणालात ते तुम्ही वाचा. मोठ्यानं."

वाचलं. 'बाळ, तो मनानं चांगला आहे' हे स्वतःच्या आवाजात ऐकणं म्हणजे काय ते माझं मला माहीत. बायको दारात येऊन कधी उभी राहिली, कळलं नाही. "हे कुणाबद्दल चाललंय?"

"माझ्याबद्दल," मी म्हटलं.

तिला सगळं कळल्यावर ती हसली — खाली बसून, पोट धरून. मग तिनं 'गार चहा'चे निरोप वाचले आणि तिचं हसू थांबलं. "ही बाई एकटी आहे रे," म्हणाली.

सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त फोन घेतला आणि एका बोटानं टाइप करायला बसल्या. मी करून देतो म्हटलं, तर नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांनी लिहिलं ते असं:

"मी आजी. आधीचं काही मी लिहिलेलं नाही. माझे डोळे बंद होते, ते माझ्या जावयानं लिहिलं. तू आणि तुझा नवरा दोघं त्याला अनोळखी. त्याचा एकही सल्ला धरून बसू नकोस. थांबायचं की निघायचं ते तू ठरव, मी दोन्हीत तुझ्या बाजूला आहे. आज जेवलीस का? जवळचं कुणी आहे का? मी जागीच आहे."

१३ मार्च

उत्तर नाही. सासूबाई फोन मांडीवर घेऊन बसून आहेत. मी दर थोड्या वेळानं कपाट उघडून बघतो. सर्व्हर नीट चालू आहे. त्याला काय होतंय!

१४ मार्च

नाही. टेस्टरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारतील. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "आलं उत्तर की मलाही कळव."

१६ मार्च

आलं. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि आम्हा दोघांना समोर बसवून वाचलं.

"आजी, बहिणीकडे आले आहे. जेवले. ती उत्तरं तुमची नाहीत हे मला आधीच कळलं होतं. कुठलीच आजी नवऱ्याची एवढी बाजू घेत नाही. पलीकडे कुणीतरी नवरा बसलाय आणि तो घाबरलाय, हे दिसत होतं. पण मी लिहिलं की तो वाचायचा, आणि दर वेळी उत्तर द्यायचा. माझं ऐकून घेणारा एक तरी नवरा होता, म्हणून लिहीत राहिले. त्याची बायको बरी आहे का?"

बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. सासूबाईंनी फोन खाली ठेवला, डोळे मिटले, आणि मग पुन्हा उघडून माझ्याकडे बघितलं. "आज प्रार्थना तुम्ही करा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ओळख तुमची आहे, माझी नाही."